थंडीत पहाटे टायर प्रेशरचा दिवा लागतो, पंधरा मिनिटांनी विझतो. हवा कमी की सेन्सर खराब?

चारचाकी:
दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही टायरना ३३ पीएसआय दिलंय. हवा दुपारी, गाडी चालवून झाल्यावर भरली होती, तेव्हा चारही ३३ बरोबर होते. आता पहाटे तापमान ५ अंशांपर्यंत उतरतं. स्क्रीनवर पुढचं डावं २६ आणि पुढचं उजवं व मागचं डावं २८ दिसतं. दिवा लागतो आणि दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर विझतो. मागच्या उजव्या चाकाच्या जागी कधीकधी आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात. त्या दिवशी दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर राहतो. थंडीसाठी थोडी जास्त हवा भरून ठेवू का? की नायट्रोजन भरू?

व्हॉल्व्हपिन:
तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. एकेक सोडवूया.

आधी २८ चा आकडा. गेजवरच्या ३३ मध्ये वातावरणाचा १४.७ मिळवला की ४७.७ होतात. भरताना टायरमधली हवा ३८ अंशांना असेल तर ती ३११ केल्विन, पहाटे ५ अंश म्हणजे २७८. ४७.७ गुणिले २७८ भागिले ३११ म्हणजे ४२.६. त्यातून १४.७ वजा केले की २८ उरतात. म्हणजे ती दोन्ही चाकं ठणठणीत आहेत, हवा कुठेही गेलेली नाही. या प्रेशरला साधारण ६ अंशांमागे १ पीएसआय असा हिशोब ठेवा.

चूक झाली ती गरम टायर मोजण्यात. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीडेक किलोमीटर चाललेली. पहाटे ऊन पडायच्या आत ३३ करा. नंतर दिवसा ३६-३७ दिसलं तरी हवा काढायची नाही. लोक नेमके तिथेच हात घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा लागतो.

पंप लांब असेल तर घरीच थंड टायर मोजून किती कमी आहे ते लिहून ठेवा. घरी २८, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचल्यावर तेच टायर ३० दाखवेल, तिथे ३५ पर्यंत भरा. ३३ ला थांबलात तर पुन्हा कमीच राहील.

आता पुढचं डावं. थंडी चारही चाकांवर सारखीच पडते. शेजारच्या चाकापेक्षा २ पीएसआय कमी याचा दोष थंडीला देता येणार नाही, ते हळूहळू गळतंय. ३३ चे २० टक्के गेले की २६.४ उरतात आणि बऱ्याच गाड्यांत दिवा त्याच्या आसपास लागतो (अमेरिकेच्या नियमात २५ टक्क्यांची मुभा आहे). चालवल्यावर टायर तापतं, प्रेशर त्या रेषेच्या वर जातं आणि दिवा विझतो. तो विझला म्हणून गळती थांबली असं समजू नका.

साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग व्हॉल्व्ह रिमला जिथे टेकतो तिथे, मग रिमच्या दोन्ही कडांवर आणि शेवटी नक्षीवर लावा. कडेला बारीक फेस आला तर टायर उतरवून रिमची कड घासून साफ करावी लागेल. थंडीत रबर कडक होतं, त्यामुळे एरवी दबून राहिलेली गंजकी कड आता गळायला लागते.

घाटमाथा:
व्हॉल्व्हच्या तोंडावर बुडबुडा आला तर पिन (व्हॉल्व्हच्या आत हवा अडवणारा छोटा भाग) बदला, पण दुकानात जी हाताला येईल ती नको. सेन्सरचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल तर निकेलचा मुलामा असलेलीच पिन लागते. साधी पितळी पिन ओलाव्यात अॅल्युमिनियमशी गंजून बसते. मग ती काढताना व्हॉल्व्हच तुटतो आणि अख्खा सेन्सर बदलावा लागतो. याच कारणासाठी टोपीही प्लास्टिकची ठेवा.

शून्याखाली तापमान जात असेल तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलंय का तेही बघा. ओल्या हवेतला थेंब पिनेवर गोठला तर ती पूर्ण बसत नाही.

रिमवाला:
मागच्या उजव्या चाकाबद्दल. सुरू करताच स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. आधी साधारण मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर म्हणजे यंत्रणेतच बिघाड. तुमच्या बाबतीत मला त्या सेन्सरची बॅटरी संपत आल्यासारखी वाटते. लिथियमची असली तरी थंडीत तिचा अंतर्गत रोध वाढतो, सिग्नल पाठवताना व्होल्टेज कोसळतं आणि गाडीला काही ऐकूच येत नाही. चाक तापल्यावर तीच बॅटरी पुन्हा चालते. म्हणून दुपारी दाखवायला नेलं की सगळं ठीक निघतं.

ही बॅटरी सहसा ५ ते १० वर्षं टिकते आणि आत लेपून बंद केलेली असते, त्यामुळे सेन्सरच बदलतात. नवा घेताना फ्रीक्वेन्सी (३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ) तुमच्या गाडीचीच हवी, आणि बसवल्यावर गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. टायर उतरवणाऱ्याला आधीच सांगा की व्हॉल्व्हजवळ मशीनचा दाब देऊ नको. नवे टायर टाकायची वेळ जवळ आली असेल तर चारही सेन्सर तेव्हाच बदला, कारण बाकीचे तिघेही त्याच वयाचे आहेत.

नायट्रोजनवर थंडीसाठी पैसे घालू नका. तापमानाचा नियम त्यालाही तोच लागू आहे आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तो कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, एवढाच फायदा.

कार्बन_काळा:
माझ्या गाडीत आकडे दिसतच नाहीत, नुसता दिवा आहे. सेन्सरची बॅटरी कुठे शोधायची?

रिमवाला:
बहुतेक तुमच्या चाकात प्रेशर सेन्सरच नाही. अशा गाड्या एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग बघतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं, त्यावरून अंदाज बांधतात. चारही चाकं थंडीने एकदम उतरली तर ही पद्धत सहज चुकते, त्यामुळे हिवाळ्यात दर दोन आठवड्यांनी हातातल्या गेजने मोजा. थंड टायरमध्ये हवा बरोबर भरल्यानंतरच रीसेट दाबा. दिवा लागला म्हणून आधी रीसेट केलंत तर गाडी कमी हवेलाच योग्य धरून बसेल.