कीबोर्डमधले टोन लावून ठेवायला सॉफ्टवेअर हवंच

सूरपेटी (धागाकर्ता)

ठाणे-डोंबिवलीकडच्या ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड वाजवणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या एक वाद पेटलाय, तो इथे मांडतो. सिंथेसायझरमध्ये कंपनीने दिलेले शेकडो टोन, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे तयार आवाज, असतात. त्यात विकत घेतलेल्या सनई, संबळ, बासरीची भर, आणि स्वतः रात्र रात्र बसून बनवलेले वेगळेच. हे सगळं कीबोर्डच्या चिंचोळ्या पडद्यावर बटणं दाबत लावायचं, की संगणकावर एका यादीत घेऊन, नावं देऊन, क्रम लावून परत कीबोर्डमध्ये पाठवायचं? हे दुसरं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला लायब्रेरियन म्हणतात. ते गरजेचं आहे आणि कंपनीने कीबोर्डसोबतच द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

अनेकांना वाटतं की टोन लावणं म्हणजे फक्त वरचा खाली आणि खालचा वर करणं. पण शोमध्ये आपण एकटा टोन क्वचितच वाजवतो. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्या हाताला सनई, खाली हलका पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज), असा परफॉर्मन्स बांधलेला असतो. कोर्गवाले त्यालाच कॉम्बी म्हणतात. आता या परफॉर्मन्समध्ये सनई साठवलेली नसते. बहुतेक कीबोर्डांत 'यूजर बँक (आपल्या टोनांचा कप्पा), नंबर ४५' एवढा पत्ताच साठवलेला असतो. तुम्ही ४५ वर अकॉर्डियन आणून ठेवलंत, की गोंधळाच्या गाण्यात सनईच्या तुकड्याला अकॉर्डियन वाजणार. पाटीवर नाव तेच, घरात माणूस दुसरा. कीबोर्ड चकार शब्द काढत नाही, आणि ते कळतं थेट स्टेजवर. १९८८ च्या कोर्ग एम१ मध्ये १०० प्रोग्रॅम आणि १०० कॉम्बिनेशन होती, तेव्हाही गोष्ट हीच होती. आज जागा हजारांत गेल्या, पण बऱ्याच कीबोर्डांत पत्त्याची पद्धत तीच राहिली.

चांगलं लायब्रेरियन टोन हलवताना तो कुठकुठल्या परफॉर्मन्समध्ये आहे ते शोधतं आणि तिथला पत्ताही बदलतं. हेच हाताने करायचं तर एकेक परफॉर्मन्स उघडा, त्यातला एकेक लेयर बघा, वहीत टिपा, मग बदला. कोण करतं हो? कोणीच करत नाही. म्हणून लोक जुना टोन हलवायलाच घाबरतात आणि कीबोर्ड वर्षानुवर्षं अडगळीसारखा भरत जातो.

काळीपाच

सूरपेटी, दुखणं खरं आहे, औषध मात्र चुकतंय. मी बेस, लीड, ॲकॉम्पनिमेंट सगळ्या खुर्च्यांवर बसलोय. तीन तासांच्या हिंदी-मराठी शोला लागून लागून किती टोन लागतात? चाळीस, फार तर पन्नास. एवढे टोन वादकाला बोटांवर पाठ हवेत. बासरीचा कुठला टोन जोरात दाबल्यावर फुंक सोडतो, कुठल्याचा पिच बेंड (सूर वर-खाली खेचणारी चकती) दोन सुरांचा आहे आणि कुठल्याचा एकाच, सनई कुठल्या पट्टीच्या वर गेली की चिरकते, हे संगणकाची यादी सांगत नाही. ते वाजवूनच कळतं. यादी हातात आली की माणूस टोन जमवत सुटतो आणि वाजवायचं राहतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ही सॉफ्टवेअरं टिकत नाहीत. ऑपकोड ही १९८५ मध्ये निघालेली कंपनी लायब्रेरियनसाठी नावाजलेली होती. १९९८ मध्ये गिब्सनने ती घेतली आणि थोड्याच काळात कारभार आटोपला. एमॅजिक कंपनीचं साउंडडायव्हर हे लायब्रेरियन लोक डोक्यावर घेऊन नाचायचे. २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक विकत घेतली, त्यांचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लॉजिक पुढे वाढवलं आणि साउंडडायव्हर मागे पडलं ते पडलंच. त्याच काळातले कीबोर्ड आजही सुरात वाजतायत. ज्याचं आयुष्य वाद्यापेक्षा कमी, त्याच्या हातात वाद्याची मांडणी कशाला द्यायची?

मंद्रसप्तक

काळीपाच, मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देतो. सॉफ्टवेअर मरतं हे मान्य, पण साठवलेला टोन मरायलाच हवा असं नाही. यामाहा डीएक्स७ चं उदाहरण घ्या, १९८३ चं वाद्य. आतल्या मेमरीत ३२ टोन. प्रत्येक टोन १२८ बाइटचा, म्हणजे अख्खी बँक मागचं-पुढचं धरून ४१०४ बाइटची. मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांशी आणि संगणकाशी ज्या भाषेत बोलतात ती. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यामुळे पूर्ण बँक केबलवरून जायला दीड सेकंदही लागत नाही. ही मांडणी यामाहाने माहितीपुस्तिकेत उघड छापली होती. म्हणूनच त्या काळात साठवलेली फाइल आज डेक्स्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडते. मधल्या काळात किती लायब्रेरियन आली आणि गेली, टोनला धक्का लागला नाही.

साउंडडायव्हरवाल्यांमध्ये ज्यांनी आपले टोन फक्त त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवले, ते अडकले. ज्यांनी कच्चा सिसेक्स डंप (वाद्याने मिडीवरून पाठवलेली टोनांची मूळ माहिती) वेगळा काढून ठेवला, त्यांचे टोन शाबूत राहिले. आज एडिसिन आहे, नॉबक्राफ्ट ऑर्म आहे, अशी लायब्रेरियन आहेत. दोन्ही फुकट आणि दोन्हींचा कोड खुला. बनवणाऱ्याने उद्या हात वर केले तरी दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो.

माझी तक्रार नव्या वर्कस्टेशनबद्दल, म्हणजे सगळं एकातच असलेल्या मोठ्या कीबोर्डांबद्दल आहे. त्यांत टोनसोबत सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले तुकडेही असतात. चार एमबीचा सनईचा सॅम्पल जुन्या मिडी केबलवरून पाठवायला वीस मिनिटांच्या वर लागतील, म्हणून सगळं पेनड्राइव्हच्या फाइलीत जातं. आणि त्या फाइलीची मांडणी कंपन्या सहसा उघड करत नाहीत. मग बाहेरच्या माणसाने लायब्रेरियन लिहायचं कसं? सूरपेटी, तुमची मागणी थोडी बदला. सॉफ्टवेअर द्या म्हणण्याआधी फाइलीची मांडणी जाहीर करा म्हणा.

भजनीठेका

मी सातारा भागात जत्रा, हळदी, गणपती, भजनस्पर्धा सगळं वाजवतो. एक सांगू का, इथं लॅपटॉप कोणाकडे आहे? माझ्याकडे नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक वादकांकडे नाही. कीबोर्ड हप्त्यावर घेतलेला असतो, त्यावर लॅपटॉपचा खर्च कोण करणार? मोबाइलवर चालेल असं काही असेल तर बोला.

आणि आमच्याकडे टोन बिघडतात ते वेगळ्याच वाटेने. टोन विकणारा पेनड्राइव्ह देतो आणि फोनवर म्हणतो, "सगळं लोड करा, दादा." कोर्ग पीए मालिकेतल्या ॲरेंजरवर (आपोआप ठेका आणि साथ देणाऱ्या कीबोर्डवर) सगळं एका सेट फोल्डरमध्ये असतं. तो पूर्ण लोड केला की यूजरमधले आधीचे टोन, स्टाइल (साथीचे ठेके), परफॉर्मन्स, सगळ्यांवर नवीन बसतं. एका पोराने लग्नसराईच्या तोंडावर हेच केलं. स्वतः बांधलेली गाणी गेली, आणि बॅकअप कुठला असायला? रात्री अकरा वाजता मला फोन करून रडत होता. त्याला लायब्रेरियन नको होतं. लोड करण्याआधी "जुनं पुसलं जाईल" असं मोठ्या अक्षरात सांगणारा कीबोर्ड हवा होता, आणि एकेक टोन निवडून घ्यायचं शिकवणारा माणूस.

पांढरीचार

मी रेकॉर्डिंगच्या बाजूचा. काळीपाच म्हणतात ते स्टेजपुरतं पटतं, पण स्टुडिओत पन्नास टोनांवर भागत नाही. तिथे जुनी वाद्यं जोडलेली असतात आणि त्यांना नावांची शिस्तच नाही. रोलँड जुनो-१०६ घ्या, १९८४ चा. १२८ टोन, आणि एकालाही नाव नाही, कारण नाव दाखवायला पडदाच नाही. गट, बँक, नंबर, संपलं. डीएक्स७ मध्ये नाव आहे, पण दहा अक्षरांत बसवायचं. अशा वाद्यांना बाहेरची यादी नसेल तर चार महिन्यांनी आपलाच टोन सापडत नाही.

शिवाय विकतच्या संचांत तोच टोन पाच वेगळ्या नावांनी भरलेला असतो. 'सनई १', 'सनई न्यू', 'शहनाई प्रो', 'वेडिंग', आणि ऐकलं तर पाचही एकच. कानाने एकेक लावून शोधायला दिवस जातो. नाव बाजूला ठेवून आतले आकडे ताडून बघणारं सॉफ्टवेअर ते क्षणात दाखवतं. मला लायब्रेरियन हवंय ते मुख्यतः फेकून देण्यासाठी.

काळीपाच

पांढरीचार, स्टुडिओचं मान्य. तिथे घाई नसते, टेबल असतं, वीज असते. माझा विरोध 'गरज' म्हणण्याला आहे, कारण आपण गरज म्हटलं की कंपन्या त्याचा वेगळा अर्थ घेतात. २०१५ मध्ये यामाहाने रीफेस सीएस काढला. गोड आवाजाचा छोटा सिंथ, पण त्यात आपला टोन साठवायला एक जागा नाही. साठवायचा असेल तर संगणक किंवा आयपॅड जोडा, यामाहाच्या साउंडमोंडो संकेतस्थळावर चढवा. म्हणजे मेमरी वाद्यातून काढून संकेतस्थळावर नेली. उद्या ते संकेतस्थळ बंद झालं तर? गडकरी रंगायतनच्या विंगेत उभं राहून मी नेट शोधत बसू?

त्यापेक्षा उपाय वाद्यातच द्यावा. २०११ च्या कोर्ग क्रोनॉसमध्ये सेट लिस्ट होती, एका यादीत १२८ जागा. यामाहाच्या मोंटाज आणि एमओडीएक्समध्ये लाइव्ह सेट आहे, एका पानावर सोळा चौकोन. कार्यक्रमाच्या क्रमाने गाणी लावा, पडद्यावर बोट ठेवा, पुढे चला. कुठलाही लॅपटॉप नको.

सूरपेटी

सेट लिस्ट मीही वापरतो आणि ती उत्तम सोय आहे, यात वाद नाही. पण काळीपाच, त्या चौकोनात काय साठवलेलं असतं? पुन्हा पत्ताच! चौकोन परफॉर्मन्सकडे बोट दाखवतो, आणि क्रोनॉससारख्या वाद्यात परफॉर्मन्स टोनकडे. तिथे खालचा टोन हलला की वरचे दोन्ही मजले चुकतात. सोळा चौकोन कितीही सुबक दिसले तरी खालची मांडणी सांभाळणारं कोणीतरी लागतंच. ते काम वाद्याच्या आतल्याच प्रणालीने केलं तर मला आनंदच आहे. टोन हलवताना "हा टोन या सात परफॉर्मन्समध्ये आहे, पत्ते बदलू का?" एवढं कीबोर्डने विचारलं तर मी लॅपटॉप घरी ठेवीन. बहुतेक कीबोर्ड तसं विचारत नाहीत, म्हणून मी बाहेरचं सॉफ्टवेअर मागतोय.

रीफेसचं म्हणणं मात्र पूर्ण मान्य. मेमरी वाद्यातच हवी. सॉफ्टवेअर मांडणीसाठी आणि बॅकअपसाठी, वाजवण्यासाठी नव्हे. मंद्रसप्तकांची मागणीही रास्त आहे. फाइलीची मांडणी उघड झाली तर आपल्याकडचीच पोरं महिन्याभरात मराठी पडदा असलेलं लायब्रेरियन लिहून देतील.

मंद्रसप्तक

थोडी आशेची बाजू. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. त्यात वाद्याने जोडलेल्या उपकरणाला स्वतःच्या टोनांची यादी नावांसकट सांगायची सोय आहे. आत्तापर्यंत टोन बदलायचा तर कप्पा सांगणारे बँक सिलेक्टचे दोन आकडे आणि टोन सांगणारा प्रोग्रॅम चेंजचा एक आकडा पाठवायचा, पलीकडे काय आहे ते छापील तक्त्यात शोधायचं, असं चालायचं. पण ही सोय कंपनीने वाद्यात घातली तरच उपयोग. दुकानात कीबोर्ड बघायला गेलात की विक्रेत्याला हे विचारा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर कंपनीपर्यंत पोचतं.

भजनीठेका

माझ्या मोबाइलचं राहिलंच की.

सूरपेटी

भजनीठेका, तुमचा कीबोर्ड यूएसबीवर मिडी देत असेल आणि वेगळा ड्रायव्हर मागत नसेल, तर ओटीजी केबलने (फोनला यूएसबीची वस्तू जोडणाऱ्या केबलने) अँड्रॉइड फोनला बहुधा जोडला जाईल. सिसेक्स साठवणारी छोटी ॲप्स मिळतात. ती लायब्रेरियनइतकी हुशार नसतात, पत्ते बदलत नाहीत, पण बँक उचलून फोनमध्ये ठेवतात. कीबोर्डच्या सिस्टिम मेनूत 'बल्क डंप' (सगळे टोन एकदम बाहेर पाठवणं) शोधा. परत पाठवताना मेमरी प्रोटेक्ट (मेमरीचं कुलूप) चालू असेल तर आधी बंद करा. आणि ॲरेंजर असेल तर हे सगळं सोडा, पेनड्राइव्हवर पूर्ण सेट सेव्ह करून त्याला तारखेचं नाव द्या. तुमच्या त्या पोरालाही हेच सांगा, पुढच्या टोनवाल्याचा फोन यायच्या आत.

काळीपाच

यातलं शेवटचं वाक्य मला बिनशर्त मान्य. बाकी 'हवंच' मधला 'च' काढा, मी तुमच्या बाजूला येतो.

सूरपेटी

'च' राहू दे, काळीपाच. तुमच्या पन्नास टोनांचे पत्ते कोणी बदलले नाहीत म्हणून तुम्हाला तो जड वाटतो.