थंडीची आठवण म्हणे बियात राहते!

मोंढ्यावरचा (मूळ पोस्ट): पीआरसी२ नावाचं प्रथिनांचं संकुल झाडातले जीन गप्प करतं आणि थंडीची आठवण धरून ठेवतं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. म्हणून हिमाचलचं गव्हाचं बी पेरा. थंडी अंगात मुरलेलं बी परभणीच्या रानात दीडपट उतारा देतं. थोडंच शिल्लक आहे, इनबॉक्स करा.

रानसई: अर्धं वाचून दुकान मांडायची खोड कधी जाणार? एकदाच सविस्तर लिहिते. ते काम अरॅबिडॉप्सिसवर झालंय, मोहरीच्या कुळातलं बारकं तण. त्यात एफएलसी हा जीन फुलोरा अडवून धरतो. कित्येक आठवडे थंडी राहिली की विन३ प्रथिन साठत जातं, पीआरसी२ ला जाऊन मिळतं, आणि एफएलसीच्या एका छोट्या तुकड्यावर हिस्टोन एच३ च्या (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्यातलं एक प्रथिन) २७व्या लायसिनला तीन मिथाइल गट बसतात, ही जीन बंद ठेवायची खूण. ऊब आली की ही खूण सबंध जीनभर पसरते. पेशी दुभंगल्या तरी टिकते. डीएनएचं एक अक्षर बदलत नाही, जीन फक्त बंद पडतो. पण पुढच्या पिढीचा गर्भ बियात घडतो तेव्हाच एफएलसी पुन्हा चालू होतो. नाहीतर ते रोप हिवाळ्याची वाट न बघताच फुललं असतं. मग विकताय ती आठवण कुठली?

कोरडवाहू: ताई, तण झालं. गव्हाचं बोला. तणावरून गहू सांगता, म्हणजे तुमचंही अर्धंच की.

रानसई: घ्या, हा मुद्दा तुमचा. गव्हात गाडी वेगळी आहे. तिथं थंडीनं व्हीआरएन१ जीन चालू होतो, तेव्हा फुलोऱ्याची वाट मोकळी होते. जवात तर त्याच्यावरची तीच २७व्या लायसिनची, जीन बंद ठेवणारी खूण थंडीत कमी होताना दिसलीय. आपल्या लोकवनमध्ये हा जीन थंडीवाचूनच जागा असतो. त्याला आठवण हवीच कशाला?

पूर्णाकाठ: थंडी लागत नाही म्हणे! या एकदा रानात. डिसेंबरात आभाळ धरलं की फुटवे नाहीत, दाणा बारीक. एसीत बसून गहू पिकत नसतो.

रानसई: फुटवे आणि दाणा भरणं वेगळं, फुलोरा सुटणं वेगळं. आणि माझ्या खोलीत पंखासुद्धा खडखडतो.

तिफणवाला: ते जीन राहू द्या. माझ्या चुलत्यानं असंच "डोंगराकडचं" बी एका दुकानातून आणलं. फेब्रुवारी संपला तरी ओंबी नाही, नुसती हिरवी पात. शेवटी कापून म्हशीपुढं टाकलं. दुकानदार म्हणतो पाणी जास्त झालं. पावती मागितली तर म्हणे, "पाहुणे, आपल्यात पावती कशाला?"

रानसई: हेच! कडक हिवाळ्याचा वाण असणार. हवी तितकी थंडी मिळाली नाही की तो पातीवरच अडकतो.

कोरडवाहू: पावती नाही म्हणजे तक्रार गेलीच. टॅग? रिकामी पिशवी?

तिफणवाला: पिशवीत कडबा कुट्टी भरली, टॅग पोरांनी फाडला.

पूर्णाकाठ: मग भोगा. सोयाबीनला माझं तेच झालं, उगवलंच नाही. पावती होती म्हणून पंचनामा तरी झाला. भरपाईचं विचारू नका, डोकं फिरतं.

मोंढ्यावरचा: सगळे दुकानदार चोर काहून ठरवता बे? मी काय पात विकतोय? मावसभावाच्या वावरात ओंब्या आल्यात.

कोरडवाहू: कोणता वाण?

मोंढ्यावरचा: हिमाचलचा.

कोरडवाहू: ते गाव झालं. वाण विचारलाय.

मोंढ्यावरचा: बरं बाई, बरं भाऊ, तुम्ही शहाणे. बियात आठवण नसते, मान्य. तेवढी ओळ काढतो. बी चांगलंच आहे पण.

रानसई: दीडपट उताराही काढा.

तिफणवाला: आणि पक्की पावती देणार का, तेवढं पोस्टमध्येच लिहा.