घाटात काटा लालला टेकतो, फिटर म्हणतो हेड गेलं

वाईचा_पाहुणा: गाडी १२ वर्षं जुनी, पेट्रोल, १ लाख १० हजार किमी. हायवेला टेंपरेचरचा काटा मधोमध, पण परवा पसरणी घाटात एसटीच्या मागं फर्स्ट-सेकंडला रांगत चढताना एसी चालू होता आणि काटा पार लालला टेकला, बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बाटलीत पाणी ओतलं तेव्हा कुठं पाचगणी गाठली. आता सिग्नलला पण तेच. फिटर म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, १८ हजार. मागच्या वर्षी त्यानेच थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय, आपल्याकडे गरज नसते म्हणे. खरंच हेड असेल का?

ग्रीसचे_हात: एवढ्यात १८ हजार देऊ नका राव. पळताना थंड आणि रांगताना गरम म्हणजे आधी रेडिएटरचा फॅन बघायचा, पळताना वारा लागतो, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोण आहे? एसी लावून बोनेट उघडा, बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन सुरू व्हायला पाहिजे. नाही झाला तर फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा स्विच (हॉर्नचा सेम असेल तर अदलाबदल करून), तरी नाही तर बॅटरीवरून डायरेक्ट देऊन बघा. हात लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी तो अचानक फिरतो.

निवांत_काका: हेड गेलं असेल तर बाटलीत सारखे बुडबुडे येतात, लीक नसताना पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, कधी कधी ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर दिसतो. यातलं काही आहे का? आणि थर्मोस्टॅट परत बसवा बाबा, त्याच्याशिवाय इंजिन तापायला वेळ लावतं आणि पेट्रोल पितं, फिटर लोकांना तो काढायची काय हौस आहे देव जाणे. गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, मी एकदा उघडलंय, मनगटावर डाग अजून आहे.

वाईचा_पाहुणा: बुडबुडे, धूर काहीच नाही. फॅन बंदच निघाला! डायरेक्ट दिला तर फिरतो पण घरघरतो, आणि कनेक्टर एका बाजूने वितळलाय. नुसता कनेक्टर बदलू का?

ग्रीसचे_हात: परत वितळेल. घरघरतोय म्हणजे बेअरिंग गेलंय, मोटर जड फिरते म्हणून जास्त करंट ओढते. मोटर आणि कनेक्टर दोन्ही टाका. बाटलीत साधं पाणी गेलंय ना, तर सगळं काढून कूलंट नवीन भरा, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं.

वाईचा_पाहुणा: रविवारी करतो, थर्मोस्टॅटसकट. फिटर मात्र दुसरा.