डेस्कटॉपचा डीव्हीडी रायटर अर्धवट चालतो : दुरुस्त करायचा की बदलायचा?

घाटंजी_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. लोक लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी घेऊन येतात आणि पेनड्राइव्हमध्ये टाकून मागतात. सध्या लग्नसराई संपली, त्यामुळे हेच काम जास्त आहे. मशीन जुनं, एच६१ मदरबोर्डाचं, विंडोज १०. आतला डीव्हीडी रायटर साटाचा (बारीक चपट्या केबलने जोडायचा) आहे, पूर्ण रुंदीचा. लक्षणं अशी :

व्हीसीडी, म्हणजे सीडी, लागते, डीव्हीडी लागत नाही. टाकली की तीन-चारदा घर्रघर्र करतो आणि डिस्क टाका म्हणतो.

ट्रेचं बटण दाबलं की आतून मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण ट्रे बाहेर येत नाही. वरून हलकी थाप मारली की येतो.

एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, दोन साटा पिना एसएसडी आणि हार्ड डिस्कला गेल्यात. रायटरला जुन्या पांढऱ्या चार पिनवाल्या कनेक्टरवरून कन्व्हर्टर लावून पॉवर दिली आहे.

दुरुस्त होईल का? बदलायचा तर आतला घ्यावा की यूएसबीवाला? आणि बदलताना काय काय पाहायचं?

जुना_बोर्ड

भाऊ, तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत, एकात एक मिसळू नका.

ट्रेचं कारण जवळपास नक्की बेल्ट. ट्रेच्या मोटरवर एक छोटा रबरी बेल्ट असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कडक होतो, सैल पडतो आणि पुलीवर घसरतो. मोटर फिरते, ट्रे हलत नाही. थाप मारली की तेवढ्यापुरती पकड येते. बेल्ट काढून गरम पाण्यात टाकला की थोडे दिवस चालतो, पण तो उपाय नव्हे. भाजीच्या जुडीचं रबर तर अजिबात लावू नका, मे महिन्यात ते वितळून पुलीवर चिकट थर बसतो.

डीव्हीडी न लागण्याचं कारण वेगळं. एकाच लेन्समागे दोन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. सीडी लागते म्हणजे केबल, बोर्ड, डिस्क फिरवणारी मोटर हे सगळं ठीक. राहिला तो डीव्हीडीचा लेझर, किंवा लेन्सवरची धूळ. धूळ असली तरी पहिला फटका डीव्हीडीलाच बसतो, कारण तिच्यावरच्या खुणा फार बारीक असतात. म्हणून आधी लेन्स पुसून पाहा : कानात घालायची कापसाची काडी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, अगदी हलक्या हाताने. लेन्स तारांवर लटकलेली असते, दाबली की गेली. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा पापुद्रा राहतो.

पुसूनही डीव्हीडी लागली नाही तर लेझर संपला समजा. बेल्ट आणि लेझर दोन्ही गेलेल्या रायटरवर वेळ घालवू नका, सरळ बदला.

एक मात्र आधी तपासा. कंपनीची छापील डीव्हीडी, म्हणजे सिनेमाची किंवा एखाद्या कोर्सची, लावून पाहा. ती लागली आणि लग्नाच्याच लागत नसतील तर दोष डिस्कचा. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हात आणि पत्र्याच्या घरात लवकर उतरतो. नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर असेल तर डिस्क वाकते आणि वेगात थरथरते. घर्रघर्र त्यामुळेही होतं.

घाटंजी_स्टुडिओ

सिनेमाची डीव्हीडी लावून पाहिली, तीही नाही लागली. आणि आता ट्रे बंदच झाला, थापेनंही निघत नाही. आत गिऱ्हाइकाची डिस्क आहे. ओरखडा न पडता कशी काढू?

वर्धा_हार्डवेअर

कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा आणि मिनिटभर थांबा. डिस्क फिरत असताना हे करायचं नाही.

समोरच्या पट्टीवर एक बारीक भोक दिसेल. कागदाला लावायची यू-पिन सरळ करा आणि त्यात अगदी सरळ आत घाला. तिरकी गेली तर आतल्या गिअरचा दात तुटतो. आत कुठेतरी अडल्यासारखं लागेल, तिथे थोडा जोर द्या. ट्रे बोटभर बाहेर येतो, मग हाताने हळू ओढा. शिवणाची सुई वापरू नका, टोकदार असते, भलतीकडे घुसते. रायटरच्या काही मॉडेलमध्ये हे भोक कॅबिनेटच्या झाकणामागे असतं, तेव्हा आधी समोरची प्लास्टिकची पट्टी काढावी लागते.

आता बदलण्याचं. तुमचा पूर्ण रुंदीचा आहे, म्हणजे सव्वापाच इंची, साधारण १४६ मिलिमीटर रुंद आणि ४१ मिलिमीटर उंच. घेताना फक्त 'साटा इंटरनल डीव्हीडी रायटर' सांगा, कंपनी कोणतीही चालेल. तालुक्याला मिळाला नाही तर नागपूर-अमरावतीला फोन करून एसटीच्या पार्सलने मागवा. दुकानदार जुना काढलेला देत असेल तर समोर डीव्हीडी लावून दाखवायला सांगा. नुसता ट्रे उघडून दाखवला म्हणजे चालू, असं नसतं. पट्ट्याची रुंद केबल असलेला जुना आयडीई रायटर स्वस्तात देत असतील तर घेऊ नका, एच६१ बोर्डांवर त्याची जागा बहुतेक नसतेच. अरुंद ब्रँडेड डेस्कटॉपवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी : तुमच्यात लॅपटॉपसारखा स्लिम ड्राइव्ह असतो, जाडी ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर, आणि पॉवरची पिनही छोटी. तो मोजूनच घ्या.

कॅबिनेटच्या दोन्ही बाजू उघडा. सगळे एकच बाजू उघडतात आणि पलीकडचे दोन स्क्रू विसरतात, मग ओढाओढ होते. डेटा केबलला लोखंडी क्लिप असेल तर ती दाबूनच काढा. नुसती ओढली की रायटरच्या पिनांचं प्लास्टिक तुटतं आणि बोर्डाकडची बाजू असेल तर तो पोर्टच गेला. चार स्क्रू काढले की रायटर समोरून बाहेर सरकतो, मागून नाही.

नवा लगेच आत बसवू नका. आधी बाहेरच, सपाट जागी ठेवून दोन्ही केबल लावा, मशीन चालू करा, ट्रे दोन-तीनदा उघडा-मिटा, एक डीव्हीडी पूर्ण कॉपी होऊ द्या. खराब निघाला तर बदलून आणायला सोपं. मग वायर काढून आत सरकवा, समोरची कड कॅबिनेटच्या तोंडाशी सारखी आली की स्क्रू.

स्क्रूंची गडबड फार होते. रायटरला बारीक आट्याचे एम३ स्क्रू लागतात, ५-६ मिलिमीटर लांबीचे. साध्या हार्ड डिस्कचे जाड आट्याचे असतात. ते रायटरमध्ये पिळले की आटे खराब. लांब स्क्रू घातला तर आतल्या यंत्रणेला टेकतो आणि ट्रे अडकतो. जुने स्क्रू एका वाटीत ठेवा, तेच पुन्हा वापरा.

पोर्टची चिंता नको. डीव्हीडी १६ पट वेगाने वाचली तरी सेकंदाला २२ एमबीच्या आसपास जाते. एच६१ चा साधा साटा पोर्टही त्याच्या कितीतरी पुढे आहे.

आर्णी_सेवाकेंद्र

सगळं बरोबर, पण त्या कन्व्हर्टरकडं कोणाचं ध्यान गेलं नाही. भाऊ, ते पहिले पाहा. साटाकडच्या टोकाला प्लास्टिक वितळून एकजीव ओतलेलं दिसते, का तारा वेगवेगळ्या घुसवून वरून टोपण लावलेलं दिसते? पहिल्या जातीचं असन तर काढून फेका. आतल्या तारा एकमेकीच्या लय जवळ असते, ढिली झाली का शॉर्ट होते, धूर निघते. दुसऱ्या जातीचं घ्या. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळ्या अर्थच्या. १२ व्होल्ट नीट नाही पोचलं तर रायटर विंडोजमध्ये दिसते, पण मोटर जोर धरत नाही. म्हणून बेल्टले दोष द्यायच्या आधी हार्ड डिस्कची साटा पिन काढून रायटरले लावून पाहा. एसएसडीची मात्र काढू नका, विंडोज त्यावर असन तर मशीनच चालू होणार नाही.

अन् कॅबिनेटले हात लावला का झिणझिण्या येत असतील तर तुमची अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असते, अर्थ नसली का त्याचं व्होल्टेज पत्र्यावर येते. प्लग उपसून, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून मगच आत हात घाला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बोर्डावर ५ व्होल्ट तसंच राहते.

जिनिंगच्या जवळ दुकान असन तर रुईचे तंतू आत जातेच. साफ करा ब्रशनं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं उडवू नका, त्यातून पाणी अन् तेल येते.

घाटंजी_स्टुडिओ

यू-पिनने डिस्क निघाली, एकही ओरखडा नाही. कन्व्हर्टर पहिल्या जातीचाच आहे, काळसरही झालाय. हार्ड डिस्कच्या पिनेवर लावून पाहिलं. ट्रे तसाच, लेन्स पुसूनही डीव्हीडी नाही. म्हणजे नवाच. पण मुलगा म्हणतो यूएसबीवाला घ्या, लॅपटॉपलाही लागेल.

जुना_बोर्ड

कधीतरी एखादी डिस्क लावायची असेल तर यूएसबीवाला छान. तुमचं रोजचं काम आहे, म्हणून आतला. यूएसबीवाल्याच्या आत स्लिम ड्राइव्ह असतो, तो बहुतेक ८ पटीचाच, सलग डिस्का लावल्या की तापतो, आणि ओरखडे असलेल्या डिस्कवर लवकर हार मानतो. पॉवरही यूएसबीतूनच खेचतो. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, समोरचे पोर्ट लांब वायरमुळे आणखी कमजोर. डिस्क फिरायला लागली की ड्राइव्ह गायब होतो, पुन्हा दिसतो. घेतलाच तर मागच्या पोर्टला लावा, निळा यूएसबी ३ असेल तर तोच.

नवा कन्व्हर्टर घेण्यापेक्षा एसएमपीएसच्या साटा पिनेवरूनच एकाच्या दोन करणारी साटा केबल घ्या. हार्ड डिस्क आणि रायटर एका तारेवर निवांत चालतात. तीही घुसवलेल्या तारांची पाहून.

कामाचं एक. डीव्हीडीतल्या फायली एकेक न उचलता 'व्हिडिओ टीएस' हा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग पेनड्राइव्हवर. डिस्क अडली तर आधी साबण-पाण्याने धुवा आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. सीडीच्या बाबतीत वरची, नाव लिहायची बाजू जपा. तिचा डेटा त्या लेबलच्या लगेच खाली असतो, तिथे खरवडलं तर काही उरत नाही. डीव्हीडीचा थर मधोमध असतो, तिला तेवढी भीती नाही.

वर्धा_हार्डवेअर

नवा लावल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दिसला पण विंडोजमध्ये नाही, तर नव्या रायटरला नावं ठेवू नका. डिस्क लिहायच्या जुन्या (बर्निंग) सॉफ्टवेअरचे फिल्टर, म्हणजे विंडोज आणि ड्राइव्हच्या मधे बसणारे छोटे ड्रायव्हर, मागे राहिले की हे होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसेल. तिथून रायटर अनइन्स्टॉल करा, ते सॉफ्टवेअर काढा, रीस्टार्ट करा. तरी नाही आलं तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) सीडी-डीव्हीडीच्या क्लासखालचे, म्हणजे गटाखालचे, अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स हे दोन उडवावे लागतात. पण त्याआधी त्या कीची एक्सपोर्ट फाइल काढून ठेवा, आणि क्लासचं नाव दोनदा वाचा. शेजारी हार्ड डिस्कचा क्लास असतो, तिथले फिल्टर उडवले तर विंडोज सुरूच होणार नाही.

बायोसमध्येही दिसला नाही तर डेटा केबल बदला, मग बोर्डावरचा दुसरा पोर्ट.