प्राथमिकच्या मुलांच्या गणितातल्या चुका: तुमचे अनुभव लिहा

त्याच त्याच चुका आणि त्यावर तुमच्याकडे काय चाललं ते लिहा. ‘क्लास लावा’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, मुंबईत तो सल्ला लिफ्टमध्येपण मिळतो.

गोरेगावची आई: आमचा तिसरीतला ५०२ वजा २६७ चं उत्तर ३६५ काढायचा, दर वेळी तेच. घरात सगळे म्हणे लक्ष नाही याचं. मी म्हटलं मला शिकव बरं कसं केलंस, तर म्हणतो दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढायचे. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान, अगदी नियमाने चालू होतं! मग व्यापार खेळातल्या नोटा काढल्या, शंभराच्या पाच आणि दोन सुटे रुपये त्याच्या हातात दिले, आता दे मला २६७. देता येईना. एक शंभराची मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक परत मोडून दहा सुटे, म्हणजे शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि सुटे बारा. उरले २३५. शून्याच्या डोक्यावर ९ कुठून येतो ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. हल्ली वजाबाकी करताना ‘नोट मोडली’ असं पुटपुटतो.

कुर्ल्याचा बाबा: ९.४५ ला लोकल पकडली, १०.२० ला उतरलो, किती वेळ लागला? पोरगी म्हणे ७५ मिनिटं. तासात ६० असतात हे तोंडपाठ आहे, पण उभी मांडणी केली की हातचा शंभराचाच घेते. मांडणीच बंद केली. आधी १० वाजेपर्यंत जा, १५. मग पुढचे २०. झाले ३५.

परळ, निवृत्त बाई: मराठी माध्यमात बत्तीस ऐकून २३ लिहिणारी पोरं दरवर्षी असायची, आधी दोनच ऐकू येतो ना. एकोणसाठचे तर सरळ ६९! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात तीस दोन अशी पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला विचाराल तर दोन्ही म्हणून घ्यावं, काही बिघडत नाही.

भांडुपचा मामा: चौकटीची वही. एका चौकटीत एकच आकडा. अर्ध्या चुका तिथेच जातात.

मुलुंडची ताई, शिकवण्या घेते: ‘जास्त’ दिसलं की बेरीज, हे डोक्यातून काढा आधी. ताईकडे १२ गोट्या, दादापेक्षा ५ जास्त, तर दादाकडे किती? निम्मी मुलं १७ म्हणतात. मी पेन्सिल हातात घेऊच देत नाही, आधी सांग जास्त कोणाकडे. भागाकारातपण तसंच, ६१२ भागिले ६ बरोबर १२ लिहिलं की विचारते, नुसत्या ६०० ला सहाने भागलं तर किती? १०० म्हणतात आणि स्वतःच खोडरबर शोधायला लागतात.

माहीमचा काका: अपूर्णांकाचं लिहा ना कोणीतरी. पुतण्या म्हणतो १/४ मोठा, १/३ लहान, कारण चार मोठे. पोळी कापून दाखवली तर तुकडे खाऊन मोकळा होतो.