मायग्रेनसाठी ॲक्युपंक्चर करून बघू का? आणि हे खरंच ५००० वर्षं जुनं आहे का?

नाशिकची_सायली:

नमस्कार मंडळी. मला गेली नऊ वर्षं मायग्रेन आहे, आजी अर्धशिशी म्हणायची. महिन्यातले सहा-सात दिवस त्यातच जातात. उजवी बाजू ठणकायला लागली की खोलीत अंधार करून, ओढणी कपाळाला करकचून बांधून पडून राहायचं, कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही, मुलगी बिचारी शेजारच्या काकूंकडे जाऊन अभ्यास करते. न्यूरोलॉजिस्टनी मायग्रेन टाळण्यासाठी प्रोप्रानोलॉलची गोळी दिलीय, फरक आहे पण म्हणावा तेवढा नाही.

तर परवा नणंद मला एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचून उपचार करतात त्यांच्याकडे, घेऊन गेली. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले वीस सिटिंगचं पॅकेज घ्या, पैसे आधी भरायचे, मायग्रेन मुळापासून जाईल आणि थायरॉइडपण जाईल, थायरॉइडची गोळी आजपासूनच बंद करा. भिंतीवर माणसाचा मोठा तक्ता होता, अंगभर रेषा आणि ठिपके, आणि खाली लिहिलेलं "५००० वर्षांची अखंड परंपरा". मी घरी विचारून सांगते म्हणून उठले खरी, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. गोळी बंद करा हे ऐकून पोटात गोळा आला, पण दुसरीकडे वाटतं की नऊ वर्षं काढली, हेही का करून बघू नये.

कुणी स्वतः केलंय का? दुखतं का? डोकेदुखीवर खरंच काही होतं का, आणि ते ५००० वर्षांचं कितपत खरं? प्लीज नीट सांगा, उगाच घाबरवू नका आणि उगाच भरीसपण घालू नका.

चिपळूणचे_मास्तर:

सायलीताई, मी मानेसाठी केलंय, मागच्या वर्षी आठ सिटिंग. वह्या तपासून तपासून मान आखडायची, उजवीकडे वळायचीच नाही, मोटारसायकल चालवताना मागचं बघायला अख्खं अंग फिरवायला लागायचं.

दुखण्याचं म्हणाल तर इंजेक्शनसारखं अजिबात नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि एकदम बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास. ती प्लास्टिकच्या छोट्या नळीत असते, नळी कातडीवर टेकवायची आणि वरून बोटाने टक् करायचं, सुई आत गेलेली कळतपण नाही. खरी गंमत नंतर. माझ्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जो मांसल भाग असतो ना तिथे एक घातली आणि त्यांनी ती बोटांनी हळूच फिरवली, तेव्हा आत काहीतरी जड जड, ओढल्यासारखं, कोपरापर्यंत झिणझिण्या. मी दचकलोच. ते म्हणाले हे यायलाच पाहिजे, चिनी लोक याला 'देची' म्हणतात. मग वीस मिनिटं तसंच पडून राहायचं, मला तर दर वेळी झोप लागायची.

चौथ्या सिटिंगनंतर मान वळायला लागली. आता ते सुईने झालं, व्यायामाने झालं, की मे महिन्याच्या सुट्टीने, ते मला नक्की सांगता येणार नाही, तिन्ही एकदमच चालू होतं. पण माझ्यावाल्यांनी पैसे दर सिटिंगला घेतले आणि बीपीच्या गोळीला हातसुद्धा लावू दिला नाही. तुमचे ते पहिल्या भेटीत गोळी बंद करा म्हणतात, तिथूनच मी परत फिरलो असतो.

सोलापुरी:

इतिहासाचं मी सांगतो, माझा आवडीचा विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

५००० चा आकडा येतो तो पिवळ्या सम्राटामुळे, म्हणजे हुआंगदी. हा चिनी दंतकथेतला राजा, आणि त्याच्या नावावर जो ग्रंथ आहे, 'हुआंगदी नेइजिंग', त्याचं वय लोक त्या राजाइतकं धरतात. ग्रंथ प्रत्यक्षात जमत गेला तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास. म्हणजे दोन हजार वर्षं धरा, तेही काही कमी नाही.

याहून भारी गोष्ट म्हणजे मावांगदुई. चीनमधल्या चांगशा शहराजवळ १९७३ मध्ये एक कबर उघडली, इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद केलेली. आत रेशमावर लिहिलेलं वैद्यकाचं लिखाण सापडलं, त्यात शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं (तुमच्या त्या तक्त्यावर रेषा होत्या ना, तसल्या) वर्णन आहे, त्यांच्यावर शेक द्यायचा कसा तेही आहे, पण सुई टोचण्याचा उल्लेखच नाही! म्हणजे वाहिन्यांची कल्पना आणि शेक आधी, सुई त्यात मागाहून आलेली दिसते. तो शेक म्हणजे मॉक्सा, जोतिबाला आपण दवणा वाहतो ना, त्याच जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळवलेली पानं कातडीजवळ जाळायची. चिनी भाषेत आजही या पद्धतीला 'झेन-जिऊ' म्हणतात, सुई आणि शेक, दोन्ही मिळून एक शब्द.

पुढे १०२७ मध्ये वांग वेई-यी नावाच्या वैद्याने माणसाएवढे ब्राँझचे पुतळे करून घेतले, सुई टोचायच्या बिंदूंच्या जागी भोकं. परीक्षेच्या वेळी वरून मेण लावायचं, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याने सुई टोचायची, जागा बरोबर असेल तर पाणी बाहेर. मला ही परीक्षा फार आवडते, पाणी आलं तर पास, मधलं काही नाही.

आता 'अखंड परंपरा'. १८२२ मध्ये चीनच्याच दाओगुआंग बादशहाने दरबारी वैद्यक संस्थेतून ॲक्युपंक्चर शिकवणं बंद केलं. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे सगळंच पारंपरिक वैद्यक मोडीत काढायचा प्रस्ताव आला होता, वैद्य लोक रस्त्यावर उतरले म्हणून टळलं. मास्तरांना टोचली ती बारीक सुई आणि आजच्या बिंदूंच्या जागा यामागे १९३० च्या दशकातल्या चेंग दान-आन या वैद्याचा मोठा हात आहे, त्याने बिंदू रक्तवाहिन्यांवरून हलवून मज्जातंतूंच्या जवळ नेले. त्याआधी जाड सुया आणि रक्त काढणं हेही याच विद्येत होतं. आणि ती नळी तर चिनी नाहीच, ती जपानच्या सुगियामा वाइचीची, सतराव्या शतकातला, आणि तो अंध होता. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला सुई अचूक लावता यावी म्हणून नळी, केवढी साधी आणि सुंदर युक्ती. माओच्या काळात डॉक्टर फार कमी होते म्हणून सरकारने १९५० नंतर हे परत उचलून धरलं.

गोदाकाठ:

सोलापुरी, माहिती छान, पण हे मुळात आपलंच आहे हो. सुश्रुताने सुया सांगितल्यात, मर्मबिंदू सांगितलेत, बौद्ध भिक्खूंबरोबर ते चीनला गेलं असं मी लहानपणापासून ऐकतोय.

सोलापुरी:

गोदाकाठ दादा, ऐकलं मीपण आहे, पण मर्माचं उलट आहे. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली ती शस्त्रक्रिया करताना *चुकवायच्या* जागा म्हणून, तिथे इजा झाली तर जीव जाईल किंवा अंग निकामी होईल. सुया सांगितल्यात त्या जखम शिवायला. शिरावेध आहे, पण ते रक्त काढणं. सुश्रुताचं मोठेपण शस्त्रक्रियेत आहे आणि ते इतकं मोठं आहे की त्याला दुसऱ्याचं श्रेय जोडायची गरजच नाही.

आपला खरा संबंध वेगळाच आहे आणि त्याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले: अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू, मुखर्जी आणि आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. बरेच जण सांगतात की कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं, तसं नाही. ते सर्जन होते, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय अवघं ३२. त्यांच्याबरोबरचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी परत चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात येऊन सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावाने ज्या समित्या निघाल्या त्यांनी ते पसरवलं, म्हणून नाव जोडलं गेलं.

मेधा_फिजिओ:

सायली, मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुझ्या मुख्य प्रश्नावर बोलते.

मायग्रेन हा ॲक्युपंक्चरचा त्यातल्या त्यात चांगला अभ्यासलेला आजार आहे. कोक्रेन ही संस्था एकेका उपचाराच्या चाचण्या एकत्र करून तपासते, तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या आणि जवळपास ५००० पेशंट होते. नेहमीच्या उपचारांबरोबर ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याखाली आली, न घेतलेल्यांमधे १७ टक्के. हे वाचून एकदम उड्या मारू नकोस, कारण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. काही चाचण्यांमधे एका गटाला खोटं ॲक्युपंक्चर दिलं, म्हणजे चुकीच्या जागी किंवा आत न जाणारी सुई. तिथे खऱ्यात ५० टक्के आणि खोट्यात ४१ टक्के. म्हणजे फरक आहे पण छोटा, आणि बराचसा फायदा हा झोपून राहणं, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, बरं वाटेल ही आशा, यातूनही येतोय.

कंबरेचंही तसंच. जर्मनीत २००७ ला ११६२ लोकांवर चाचणी आली, खऱ्या सुईने ४७.६ टक्के सुधारले, खोट्या सुईने ४४.२, नेहमीच्या उपचारांनी २७.४. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेले नव्हते, कारण दोन्ही बाजूंना यात आपल्याला हवं ते दिसतं. माझं मत विचारशील तर पेशंटचं दुखणं कमी झालं हे खरं आहे, पण तक्त्यावरच्या रेषांमुळे झालं हे यातून सिद्ध होत नाही. सुईने एंडॉर्फिनसारखी शरीरातलीच वेदनाशामक द्रव्यं सुटतात यावर बरंच काम झालंय, पण तिथेही अजून एकमत नाही.

ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची गाइडलाइन आहे, प्रोप्रानोलॉल आणि टोपिरामेट ही मायग्रेन टाळायची दोन्ही औषधं चालत नसतील किंवा त्यांचा उपयोग होत नसेल तर ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सिटिंग. वीस नाही, आणि सगळे पैसे आधी तर नाहीच नाही.

थायरॉइडबद्दल मात्र हात जोडून सांगते, गोळी बंद करू नकोस. तुझा थायरॉइड कमी असेल आणि थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर ते औषध शरीरात हळूहळू कमी होतं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून बंद केल्यावर पहिले काही दिवस काहीच वाटत नाही, उलट माणसाला वाटतं बघा, गोळीशिवाय छान चाललंय, सुयांनी जादू केली. मग महिन्या-दीड महिन्याने थकवा, सूज, केस गळणं. माझ्याकडे अशा एक ताई आलेल्या, खांद्याच्या व्यायामासाठी, बोलता बोलता कळलं की दोन महिने गोळी बंद आहे, जिना चढता येत नव्हता त्यांना.

आणि करायचंच तर हे विचार: सुई सीलबंद पाकिटातली, एकदाच वापरायची, तुझ्यासमोर फोडलेली. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. छातीच्या आणि पाठीच्या वरच्या भागात खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, क्वचित होतं पण झालेलं आहे, म्हणून शिकलेलाच माणूस हवा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, राज्याची कौन्सिल आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचार, विचारायला लाजायचं नाही.

केतकीची_आई:

डोकेदुखीचं मला माहीत नाही, पण मळमळीचा माझा अनुभव. माझ्या केमोच्या वेळी तिथल्या सिस्टरनी मनगटावर आतल्या बाजूला, तळहाताच्या रेषेपासून तीन बोटं वर, मूठ वळली की ताठ दिसणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधे दाबायला शिकवलं होतं. सुई नाही, नुसतं दाबायचं. उलटीच्या गोळ्या चालूच होत्या, त्या बंद करायचा प्रश्नच नव्हता. पण रात्री तीनला जीव कासावीस व्हायचा, सगळे झोपलेले, तेव्हा मी ते मनगट धरून बसायची आणि जरा निवळायचं. निदान हातात काहीतरी होतं.

मेधा_फिजिओ:

ताई, तो नेइग्वान बिंदू. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने तज्ज्ञ बसवून निष्कर्ष काढला होता, त्यात ऑपरेशननंतरच्या आणि केमोच्या मळमळीसाठी ॲक्युपंक्चरचा उपयोग दिसतो असंच म्हटलं होतं. तुम्ही आता बऱ्या आहात ना?

केतकीची_आई:

हो गं, चार वर्षं झाली. सहा महिन्यांनी चेकअप असतं.

नाशिकची_सायली:

सगळ्यांचे मनापासून आभार. मेधाताई, तो आठवड्याचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण नणंद हेच म्हणाली होती की चार दिवस बंद करून बघ, काही होत नाही. थायरॉइडची गोळी आज सकाळीपण उपाशीपोटी घेतली.

पॅकेजवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. न्यूरोलॉजिस्टशी बोलले, ते म्हणाले औषध चालू ठेवून करणार असाल तर माझी हरकत नाही, फक्त डोकं दुखल्याचे दिवस लिहून ठेवा. नणंदेच्याच ओळखीतून दुसऱ्या एक बाई मिळाल्या, नोंदणी आहे, दर वेळचे पैसे दर वेळी, आणि त्यांनी फोनवरच आधी विचारलं की गोळ्या कुठल्या चालू आहेत. सहा सिटिंग करून थांबायचं आणि वही बघायची असं ठरलंय. पहिली शनिवारी.

मास्तर, अंगठ्याजवळची ती सुई मलापण लावतील बहुतेक, तुम्ही सांगून ठेवलंत ते बरं झालं, नाहीतर मी ओरडलेच असते. वही आजच सुरू केली. मागच्या महिन्याचे दिवस आठवून लिहिले, मुलीने कॅलेंडरवर पेनने खुणा केल्या होत्या त्या सापडल्या, मी सहा-सात म्हणत होते, निघाले नऊ.