मदत हवी आहे: उभ्या ट्रकवर मागून धडक, गुन्हा मात्र आमच्याच माणसावर

कऱ्हाडकर
अर्जंट आहे. दाजींचा अपघात झाला. ट्रक रस्त्यात उभा होता, अंधारात दिसला नाही, मागून धडकले. पोलिसांनी उलट दाजींवरच गुन्हा घातलाय. ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, गाडी उभी होती, आमचा काय संबंध? हे बरोबर आहे का? काही मिळेल की नाही? माहिती असणाऱ्यांनीच सांगावं. "वकील गाठा" एवढंच सांगायला येऊ नका, ते आम्हालाही कळतं.

पुणेरी_काका
कुठे झाला? कधी? दाजी दुचाकीवर की चारचाकीत? मुख्य म्हणजे आता कसे आहेत? एवढंही न लिहिता उत्तर कसं द्यायचं?

कऱ्हाडकर
खंबाटकी घाटात. मागच्या महिन्यात. मोटरसायकल. पायात रॉड घातलाय, अजून दवाखान्यातच आहेत. आता सांगा.

घाटवाट
खंबाटकी म्हटलं की विषय संपला. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते एस वळण किती जणांना खाणार आहे देव जाणे. डिझेल वाचवायला हे ट्रकवाले उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, टाकीतली हवा ब्रेक दाबून दाबून संपते आणि स्टिअरिंगही जड होतं. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलावर एकाच गाडीनं चाळीसच्या वर वाहनं उडवली होती, आठवतंय ना? तुम्ही ब्रेक तपासणीचा अहवाल मागा.

कऱ्हाडकर
अहो ट्रक उभा होता! आणि बोगद्याकडे नाही, साताऱ्याकडे जाताना घाट उतरल्यावर, सुरूरच्या अलीकडे. पहाटेची वेळ.

डिझेलबाबा
माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, म्हणून बोलतो. जो तो उठतो आणि ट्रकवाल्याला धरतो. भरलेल्या गाडीचा टायर गेला तर डायव्हरनं ती डोक्यावर घेऊन जायची का? मोटरसायकलवाले पहाटे पिवळट दिव्यावर ऐंशीनं पळतात. गुन्हा बरोबरच घातलाय.

रानजाई
टायर गेला तर गाडी डाव्या अंगाला घ्या, दिवे लावा, मागं लांबवर इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण ठेवा. तुमच्या लोकांचा त्रिकोण म्हणजे बाभळीची फांदी आणि चार धोंडे. पुन्हा गाडी दुरुस्त झाली की धोंडे तिथेच टाकून जायचं, पुढच्या मोटरसायकलवाल्यासाठी.

डिझेलबाबा
ताई, त्रिकोण ठेवला की अर्ध्या तासात चोरीला जातो. धोंडे कोणी नेत नाही.

गावठी_वकील
कऱ्हाडकर, नीट वाचा. उभी गाडी म्हणजे वापरातली गाडी नव्हे, हा बचाव जुना आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं तो १९९१ मध्येच फेटाळला आहे. योगायोग म्हणजे ते प्रकरण तुमच्याच पट्ट्यातलं. १९८७ साली सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन रस्त्याखाली आडवा झाला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. टँकर तेव्हा चालू नव्हता, तरी तो 'वाहनाचा वापर' धरला गेला.

दुसरं, दाजींवर गुन्हा आहे म्हणून दावा बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वतः पुरावा बघतं. दोघांची चूक निघाली तर दाजींच्या वाट्याएवढी भरपाई कापतात, पूर्ण नाकारत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ट्रकचा मालक आणि विमा कंपनी दोघांना पार्टी करा. दाजी राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, तेव्हा डिस्चार्जची वाट बघू नका.

कलम १६४ मध्ये कोणाची चूक हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. पण ती रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. कंपनीचा माणूस कागद घेऊन आला तर सही करू नका.

दाजींचं लायसन्स होतं ना? हेल्मेट?

गाडीवेडा
माझं मत विचाराल तर आता नवीन घेताना आपोआप ब्रेक लावणारी गाडीच घ्यावी. आणि डॅशकॅम. पाच-सहा हजारांत चांगला येतो.

पुणेरी_काका
मोटरसायकलला?

मीच_तो
दाजींच्या स्वतःच्या विम्यात १५ लाखांचा वैयक्तिक अपघात कव्हर असतो, तो आधी घ्या. कोर्टकचेरी कशाला?

गावठी_वकील
तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच, आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असेल तर. हाड मोडल्याला त्यात काही नाही. उगाच आशा लावू नका.

कऱ्हाडकर
लायसन्स आहे. हेल्मेट होतं म्हणूनच तर वाचले. आणखी एक. ढाब्यावरच्या पोरानं उजाडल्यावर मोबाइलवर फोटो काढलेत. ट्रक निम्मा पट्ट्यात आणि निम्मा डांबराबाहेर. ताडपत्री फाळक्यावरून खाली लोंबतेय, मागचा एक दिवा तिच्याखाली झाकला गेलाय. अंधारात चमकणारी लाल टेप कुठे दिसत नाही. ट्रक दुसऱ्याच दिवशी सोडवून नेला.

रानजाई
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं!

डिझेलबाबा
लाल टेप असते हो, चिखल बसतो. पावसाळ्यात रोज कोण पुसणार?

रानजाई
ज्याची गाडी त्यानं. मागची लाल पट्टी लावणं नियमात आहे. ती झाकली तर नसल्यातच जमा. आणि मागचा आडवा दांडा होता का फोटोत? मोटरसायकल किंवा छोटी गाडी खाली घुसू नये म्हणून जो असतो तो. बरेच जण तो लोडिंगला अडतो म्हणून वर वाकवून ठेवतात.

उसाचा_फड
ट्रकला निदान एक तरी दिवा असतो. आमच्याकडं हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर वळणावर उभ्या असतात, मागं एक गोणपाटसुद्धा बांधत नाहीत. त्यावर कोणी बोलायचं?

पुणेरी_काका
त्यावर वेगळा धागा काढा, मीही येतो.

कऱ्हाडकर
दांडा आहे, पण वर वाकलेला दिसतोय. धडकेनं वाकला की आधीच होता ते कळत नाही. वकीलसाहेब, पंचनाम्यात "पार्किंग लाइट चालू" लिहिलं असेल तर?

गावठी_वकील
आधी पंचनाम्याची आणि पोलिसांच्या सविस्तर अपघात अहवालाची नक्कल मागा. तसं लिहिलं असेल तर ढाब्याच्या पोराची साक्ष लागेल. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका, त्याच्या फोनमधली मूळ फाइल घ्या, वेळ तिच्यातच असते. त्याला फोन बदलू नको म्हणावं. ट्रक डायव्हरवर धोकादायक जागी गाडी उभी केल्याची तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. दवाखान्याची बिलं, केसपेपर, दाजींच्या पगाराच्या स्लिपा एका फाइलीत लावायला बहिणीला आजच सांगा.

गाडीवेडा
मोटरसायकलचाही डॅशकॅम येतो. हँडलला बसतो.